अवघड जागेचं दुखणं आणि नणंद नर्स

साउथहॅम्प्टन,
२ मार्च

तीर्थरूप वन्सं यांना अनुराधाचा साष्टांग नमस्कार. (ही आठ अंगं कोणकोणती ते मी मुद्दाम तपासून पाहिलं. ज्याविषयी आज लिहायचं आहे ते अंग त्यांत येत नाही, तेव्हा नमस्कार निःसंकोच स्वीकारावा.) डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. थेंब वेळेवर घालताय ना? आयुष्यभर दुसऱ्यांना औषधं पाजणारी माणसं स्वतःची औषधं हमखास विसरतात, म्हणून विचारते. मिरजेत ऊन तापायला लागलं असेल. इथे कालपर्यंत पाऊस होता, आज नुसतं ढगाळ आहे, म्हणून शेजारीण अंगणात टी-शर्टवर बसली आहे.

फोन न करता कागदावर लिहिते आहे त्याचं कारण तुमची सूनबाई. अर्चना गुणाची आहे, मी नाही म्हणत नाही, पण माझे मेसेज ती तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवते आणि माझा फोन स्पीकरवर टाकून शेजारी भाजी निवडत बसते. हे पत्र तिला वाचायला देऊ नका. उजव्या डोळ्याने वाचावं लागलं तरी चालेल, दोन दिवस लागले तरी चालेल. वाचून झालं की फाडा, आणि तुकडे लहान करा.

वन्सं, आपल्यात म्हणतात ना, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. मला अजून जावई नाही, आणि मालविकाची सध्याची आवड पाहता तो ड्रम वाजवणारा असण्याची शक्यता जास्त. पण मला नणंद नर्स मिळाली आहे, तीही बत्तीस वर्षं नोकरी केलेली आणि त्यातली नऊ गुप्तरोगाच्या ओपीडीत काढलेली. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तुम्ही भर पंगतीत, मामंजी समोर बसलेले असताना, 'अनुराधा, लघवीला जळजळ होत नाही ना गं?' असं विचारलं होतंत. मी तेव्हा आमटीच्या वाटीत मान घातली ती शिरा वाढायला आल्यावरच वर काढली. आज असं वाटतं की त्या घरात नावाने हाक मारून शरीराशी बोलणारं माणूस एक तुम्हीच होतात. म्हणून वैद्यकीय सल्ल्यासाठी तुम्हालाच लिहिते आहे.

तर मला चामखीळ झाली. कुठे, ते म्हणीवरून कळलंच असेल.

(मध्ये उठून चहा करून आले.)

आता तुमच्यासारख्या अनुभवी बाईच्या मनात लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला असणार. ह्यांना जाऊन सात वर्षं झाली, मग अनुराधाला हे आलं कुठून? वन्सं, त्याचं उत्तर असं की विष्णू केतकर म्हणून एक गृहस्थ आहेत. वय त्रेसष्ट, शाळेत फिजिक्स शिकवायचे, आता निवृत्त. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. मी ज्या औषधांच्या दुकानात काउंटरवर असते तिथे ते दर महिन्याच्या बारा तारखेला ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला यायचे. चार वर्षं मी त्यांना गोळ्या दिल्या आणि त्यांनी मला थँक्यू दिलं. मग एका बारा तारखेला गोळ्यांबरोबर मी जरा जेवणाबद्दल उपदेश केला, पुढच्या बारा तारखेला ते स्वतः पिकवलेल्या मेथीची जुडी घेऊन आले (इथे कौन्सिल भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने देते, अलॉटमेंट म्हणतात, त्यांच्याकडे एक आहे), आणि त्याच्या पुढच्या बारा तारखेपर्यंत आम्हाला धीर धरवला नाही. बाकीचं तुम्ही समजून घ्या. तुम्ही नर्स आहात. तुमच्या भावाची बायको म्हणून हे लिहिताना 'मेथी' शब्द तीनदा खोडला.

नोव्हेंबरात एका रविवारी आंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं. मसुराच्या दाण्याएवढं. मी म्हटलं, असेल काहीतरी, वय झालं. आठवड्याने शेजारी दुसरं. मग बेडरूमचं दार लावून, पडदे ओढून, हातात आरसा घेऊन मी माझ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रथमच तो प्रदेश पाहिला. (आपण बायका किती वर्षं ज्या घरात राहतो त्याची मागची खोली बघत नाही, नाही का?) मग फोनवर फोटो बघितले आणि फोन उशीखाली पालथा घातला. त्या फोटोंत जे होतं ते फुलकोबीसारखं होतं. माझं तसं नव्हतं, पण पुढे तसं होणार या खात्रीने मी तीन आठवडे फुलकोबी आणली नाही.

दुकानातल्या कोणाला विचारावं तर आमचा फार्मासिस्ट राज मला आंटी म्हणतो. पायाच्या चामखिळीचं औषध समोरच्या फळीवर होतं, आणि ते 'तिथे' लावायचं नाही, कातडी जळेल, असं मी स्वतः शेकडो गिऱ्हाइकांना बजावलेलं. तरी एक बाटली पैसे टाकून पर्समध्ये घातली आणि घरी जाऊन परत दुकानात आणून ठेवली. मग डॉक्टरांच्या सर्जरीत (इथे साध्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात) फोन केला. तिथली रिसेप्शनवरची बाई आधी विचारते, कशासाठी यायचं आहे? मी दोन दिवस आरशासमोर उत्तराची तालीम केली होती. तिने विचारलं आणि माझ्या तोंडून आलं, "गुडघा."

वन्सं, गुडघ्याची अपॉइंटमेंट पंधरा दिवसांत मिळाली. फिजिओथेरपिस्ट बाईने दोन्ही गुडघे अतिशय मायेने तपासले. मी मनाशी म्हणत होते, आता सांगावं, आणखी जेमतेम वीतभर वर तर जायचं आहे. पण तिने व्यायामाचा छापील कागद हातात ठेवला आणि मी थँक्यू म्हणून बाहेर आले. एवढ्या चांगल्या बाईला फसवलं म्हणून ते व्यायाम मी मन लावून केले. आता उजवा गुडघा खरोखरच दुखतो.

यापुढचं लिहायचं नव्हतं पण सुरुवात केलीच आहे. माझ्या आजीची एक समजूत होती की चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की ती गळून पडते. इथून अर्ध्या-पाऊण तासावर न्यू फॉरेस्टमध्ये घोडे मोकळे फिरतात. डिसेंबरच्या एका मंगळवारी मी तिथल्या लिंडहर्स्ट गावची बस पकडली. पर्समध्ये भरतकामाची छोटी कात्री होती. एक तपकिरी घोडा रस्त्याच्या कडेला शांतपणे चरत होता. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. (बांधणार कशी, कोण बांधणार, याचा विचार केला नव्हता.) तेवढ्यात कुत्रं फिरवणारे एक म्हातारे गृहस्थ थांबले आणि म्हणाले, बाई, त्याच्या मागे उभ्या राहू नका, लाथ मारतो. मी म्हटलं, मी फक्त त्याचं शेपूट बघते आहे. ते माझ्याकडे, मग कात्रीकडे बघत राहिले. मी हॉट चॉकलेट पिऊन परत आले. बी.एस्सी. झालेली बाई, वन्सं. केमिस्ट्री घेऊन.

या सगळ्यात केतकरांना मी काही सांगितलं नव्हतं. उलट त्यांच्यावर नजर ठेवून होते. कारण माझा हिशेब साधा होता. माझ्या आयुष्यात दोन पुरुष, त्यातले एक देवाघरी, म्हणजे राहिले केतकर. एकदा चहा पिताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की एवढ्या वर्षांत तुम्ही एकटे कुठे फिरायला गेला नाहीत का? ते म्हणाले, गेलो होतो ना, तीन वर्षांपूर्वी टेनेरिफला, बोल्स क्लबच्या लोकांबरोबर. (बोल्स म्हणजे हिरवळीवर जड चेंडू सोडायचा म्हाताऱ्यांचा खेळ.) आणि एवढं बोलून ते अचानक बिस्किटं मोजू लागले. झालं! टेनेरिफ (स्पेनचं एक बेट आहे) मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण डोळ्यांसमोर समुद्रकिनारा, दारू आणि उघड्या अंगाच्या बायका एवढं दिसलं. त्या दिवशी घरी येऊन मी त्यांना मेसेज पाठवला, 'टेनेरिफबद्दल कळलं. पुन्हा भेटू नका.' त्यांनी पाच फोन केले. मी एकही घेतला नाही. ते दाराशी मेथी ठेवून गेले. मी ती मेथी सुकू दिली. मेथी सुकू देणारी बाई मी नव्हे, यावरून ओळखा.

जानेवारीत आणखी एक मसूर उगवला, तेव्हा मात्र घाबरून मी या रोगांचं वेगळं क्लिनिक असतं तिथे वेळ घेतली. तिथे डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि तुमच्या परवानगीशिवाय कोणाला कळवत नाहीत. हे सगळं मी गिऱ्हाइकांना बावीस वर्षं सांगत आले आहे. मालविका क्रॉयडनला गेली तेव्हा टाकून गेलेला तिचा टोपीचा जर्किन घातला, काळा चष्मा लावला. क्लिनिकमध्ये सगळी विशी-बाविशीतली मुलं, कानात गाणी घालून, बसस्टॉपवर बसावं तशी बसलेली. रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्याकडे बघून अगदी प्रेमाने विचारलं, मुलीबरोबर आलात का? आणि वन्सं, मी 'हो' म्हटलं! तिने बसायला सांगितलं. मी चाळीस मिनिटं माझीच आई होऊन बसले. शेवटी माझी वेळ टळून जाईल या भीतीने उठले आणि तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, की ती मुलगी मीच. ती हसली नाही. 'काळजी करू नका, वेळ गेलेली नाही,' एवढंच म्हणाली. ती हसली असती तर बरं झालं असतं, मला निघून जाता आलं असतं.

आत गेले तर डॉक्टरच्या छातीवर नाव, दिया कुलकर्णी. वन्सं, एवढ्या मोठ्या इंग्लंडात! हिची आई सीमा, जी आमच्या महाराष्ट्र मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवते आणि कोणाच्या घरी कोणती सून आली ते सुनेच्या आधी सांगते. मी दाराची मूठ सोडलीच नाही.

"काकू, तुम्ही मराठी आहे ना?" ती म्हणाली. तिचा जन्म इथलाच, मराठी घरापुरतं. "तुम्हाला दुसरा डॉक्टर पाहिजे तर आहे. मला वाईट नाही वाटणार."

"तुझी आई..." एवढंच मला बोलता आलं.

"आईला मी कधीच काही नाही सांगत. सांगितलं तर माझी नोकरी जातो. बसा ना."

मी बसले. मग आडवी झाले. पाय कुठे ठेवायचे ते तिने सांगितलं, आणि त्या अवस्थेत माणसाला काकू म्हणून घेणं म्हणजे काय ते माझ्याशिवाय कोणाला कळणार नाही. मी छताकडे बघून हनुमानचालिसा सुरू केला आणि लगेच थांबवला, कारण मारुतीला तिथे बोलावणं बरं दिसलं नाही. तिने दिवा ओढला आणि बघितलं. मला जे अडीच महिने जाळत होतं ते बघायला तिला दोन मिनिटं लागली.

"चामखीळ आहे. तीन. लहान लहान," ती म्हणाली. "हा कॅन्सर देणारा प्रकार नाही. पण तुमची स्मिअर टेस्ट वेळेवर करा. आज आपण गोठवून टाकू, जरा चावल्यासारखं होईल. परत दोनदा यायचं. खूप खूप लोकांना होतो हे, काकू. तुमचा चूक नाही."

चूक स्त्रीलिंगी असते हे तिला सांगायचं मनात आलं, आणि त्याऐवजी मला रडूच आलं. तिने कागदी रुमालांचा डबा दिला आणि माझं रडून होईपर्यंत खुर्ची ओढून बसून राहिली. बाहेर एवढी मुलं वाट बघत असताना.

मग मी विचारलं, हे आलं कुठून? ती म्हणाली, ते कोणीच सांगू शकत नाही. तो व्हायरस अंगात गुपचूप झोपून राहतो. महिने राहतो, कधी वर्षं. कोणी दिला, कधी दिला, त्याची टेस्टच नाही. "म्हणून कोणाशी भांडू नका," ती म्हणाली. मी म्हटलं, भांडून झालं.

वन्सं, बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसले होते. दोन पुरुष, आणि त्यातल्या केतकरांना तर मी धड न विचारताच दोषी ठरवलं होतं. मग माझं मन दुसऱ्याकडे गेलं. तुमचा धाकटा भाऊ. लग्नाआधी पाच वर्षं बोटीवर इंजिनियर होते. मला लाटांची वर्णनं ऐकवायचे, वादळांची ऐकवायचे. बंदरांची कधी ऐकवली नाहीत, आणि मीही विचारलं नाही. घरी आले आणि ह्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. तासाभराने वाटलं, सत्तावीस वर्षं माझ्या तापात उशाशी बसलेला माणूस, त्याला ज्याची टेस्टच नाही त्या गुन्ह्यासाठी कोपऱ्यात उभं करायचं? फोटो सरळ केला. हेही तुम्हाला कळवायची गरज नव्हती, पण मला लाज वाटते ती याचीच जास्त. शिवाय त्या काउंटरची. बावीस वर्षं मी लोकांना असल्या औषधांच्या पिशव्या सरळ चेहऱ्याने देत आले आणि त्यांची पाठ वळली की मनात म्हणत आले, 'अच्छा, म्हणजे हाही तसलाच.' आता ती पाठ माझी.

दुसऱ्या दिवशी अलॉटमेंटवर गेले. केतकर गुडघ्यावर बसून कांदे लावत होते. मला बघून उठले आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"ऑक्टोपसचं. मी एकच घास खाल्ला होता, अनुराधा. सगळे आग्रह करत होते. आमच्या घरात अंडंसुद्धा आलं नाही कधी. पण त्याच्यासाठी तू मला तीन आठवडे..."

त्रेसष्ट वर्षांचा माणूस हातात कांद्याचं रोप धरून एका घासाची माफी मागत होता. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसले आणि सगळं सांगितलं, मसूर, गुडघा, घोडा, दिया, सगळं. सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कांद्यांकडे बघितलं. सांगून झाल्यावर त्यांनी हातातलं रोप खाली ठेवलं. मला वाटलं, आता हे विचारणार, की मग कोणाकडून आलं? तुझ्या नवऱ्याकडून की आणखी कोणाकडून? मी केलं तेच ते करणार.

ते म्हणाले, "दुखतं का गं?"

मी म्हटलं, काल गोठवलं तिथे जरा चुरचुरतं. ते म्हणाले, मग बादलीवर बसू नकोस, टणक आहे, आणि स्वतःचा कोट काढून घडी करून दिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःलाही तपासून घेतलं. त्यांच्याकडे काही दिसलं नाही. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही असं दियाने आम्हा दोघांना वेगवेगळं सांगितलं.

असो. तब्येतीला जपा, जिना सावकाश उतरा. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. अर्चनाला मी विचारलंय म्हणून सांगा, काय विचारलंय ते सांगू नका.

तुमची,
अनुराधा

ता. क. वैद्यकीय सल्ल्यासाठी लिहिते आहे असं वर म्हटलं ते खरं नाही. गोठवायच्या तिन्ही खेपा फेब्रुवारीतच संपल्या. दिया म्हणाली, आता साफ आहे, परत आला तर परत ये. तेव्हा औषध वगैरे कळवू नका.

आणखी एक ता. क. खरी गोष्ट अशी की जूनच्या दुसऱ्या शनिवारी मी आणि विष्णू रजिस्टर लग्न करणार आहोत. मालविकाला सांगितलं. ती म्हणाली, 'आई, फायनली.' (चामखिळीचं तिला माहीत नाही.) तुम्हालाही नुसतं लग्नाचं कळवता आलं असतं. पण ह्यांच्या बहिणीला ते कसं सांगावं या विचाराने मी महिनाभर कागद फाडत होते. मग सुचलं की आधी त्याहून लाजिरवाणं काहीतरी सांगितलं तर त्याच्यापुढे लग्न जरा लहान दिसेल. लहान दिसलं का?

शेवटचा ता. क. सहीला दोन साक्षीदार लागतात. एक मालविका. दुसऱ्यासाठी तुम्ही याल का? मी तुमचा व्हिसाचा फॉर्म भरायला घेतला आहे. (पासपोर्टचा नंबर अर्चनाकडून 'विम्यासाठी' म्हणून काढून घेतला, क्षमा असावी.) तिकीट मी काढते. सगळे रकाने भरून झाले, एकच राहिला आहे. 'ज्यांना भेटायला जात आहात त्या व्यक्तीशी तुमचं नातं.' तिथे मी भावजय असं लिहिलं आहे, पण फॉर्म अजून पाठवलेला नाही. ते जूननंतरही खरं राहील का, तेवढं उलट टपाली कळवावं.